वस्ताद मोजायचे कशाने?

१.

आमच्या भागात काही वाद कधीच निकाली होत नाहीत. कुस्तीच्या भाषेत सांगायचे तर ते बरोबरीत सोडवावे लागतात. त्यांतला एक वाद असा : कोल्हापूरच्या कुस्तीपरंपरेतील सर्वश्रेष्ठ वस्ताद कोण? मिरज-कोल्हापूर गाडीत हातकणंगले स्थानकावर मोडक्या कानांची दोन वृद्ध माणसे समोरासमोर बसली, की रुकडी यायच्या आत हा विषय निघतो आणि वळिवडे मागे पडले तरी संपत नाही. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी तिसरे नाव घेतो, आणि मग कोल्हापूर स्थानकाच्या फलाटावर उतरल्यावरही हातवारे चालू राहतात.

मी साहित्याचा शिक्षक. या वादात बोलण्याचा माझा अधिकार फार तर चार वर्षे तालमीत घाम गाळल्याचा, तोही पौगंडावस्थेतला. परंतु हा वाद ऐकताना मला दरवेळी जाणवत आले आहे, की त्यातील अडचण आपल्या क्षेत्रातल्या अडचणीची सख्खी बहीण आहे. पैलवानांची क्रमवारी लावणे तुलनेने सोपे. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, १९६० साली गणपतराव आंदळकर, १९६४ साली मारुती माने. गदा कोणाच्या खांद्यावर आली, कोणाची पाठ मातीला लागली, हे हजारो डोळ्यांनी पाहिलेले असते. वस्तादाची कुस्ती मात्र कोणीच पाहिलेली नसते. तो हौद्याच्या काठावर उभा असतो, आणि त्याचे काम मैदानाच्या दिवशी जवळजवळ संपलेले असते.

आपल्याकडेही कवींच्या, कादंबऱ्यांच्या याद्या निघतात. त्यांवर भांडणे होतात. पण ज्यांनी वाचायला शिकवले त्यांची यादी कोणी केल्याचे मला स्मरत नाही. हातकणंगले तालुक्याला याचा विचार करण्याचे विशेष कारण आहे. या तालुक्याने मराठी साहित्य संमेलनाला दोन अध्यक्ष दिले : पट्टणकोडोलीचे शंकर पाटील (नांदेड, १९८५) आणि हातकणंगल्यात जन्मलेले म. द. हातकणंगलेकर (सांगली, २००८). पहिले कथाकार, त्यांची क्रमवारी कथांवरून लावता येते. दुसरे समीक्षक, आणि त्याआधी सांगलीत इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. त्यांच्या समीक्षेविषयी लिहिले-बोलले जाते. वर्गात त्यांनी काय केले, ते मात्र त्या वर्गांत बसलेल्यांच्या वाचनात मुरून गेले. ते वेगळे काढून दाखवता येत नाही.

म्हणून हा लेख वरवर पाहता कुस्तीचा असला, तरी त्यातला प्रश्न शिक्षकाच्या मोजमापाचा आहे. आणि केवळ प्रश्न विचारून बाजूला होणे हा आम्हा प्राध्यापकांचा जुना दोष असल्यामुळे, शेवटी मी क्रमवारी देणारही आहे. तत्पूर्वी निकष.

२.

पहिला निकष लोकप्रिय आहे आणि तो मला सर्वस्वी अमान्य आहे. तो म्हणजे, वस्ताद स्वतः किती मोठा पैलवान होता. गणपतराव आंदळकरांचे नाव निघाले, की समर्थक हाच पुरावा पुढे करतात. शिराळा तालुक्यातील पुनवत या गावचा हा माणूस १९६० साली हिंदकेसरी झाला, १९६२च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्णपदक आणि मुक्त शैलीत रौप्यपदक घेऊन आला, १९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरला आणि त्याच वर्षीच्या अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला. या कर्तृत्वापुढे मान लववावीच लागेल. परंतु हा सारा हिशेब पैलवान आंदळकरांचा आहे. वस्ताद आंदळकरांचा हिशेब मोतीबाग तालमीत, पुढच्या कित्येक दशकांच्या पहाटांमध्ये मांडलेला आहे. पहिल्या खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात जमा करणे हा लबाडीचा हिशेब झाला, आणि त्याने आंदळकरांवरच अन्याय होतो. कारण ते वस्ताद म्हणूनही थोर होते, आणि त्यासाठी त्यांच्या गदेची साक्ष काढण्याची गरज नाही.

साहित्यात आपण हीच चूक उलट बाजूने करतो. चांगला कवी चांगला शिकवेल असे गृहीत धरतो, आणि ज्याच्या नावावर एकही पुस्तक नाही अशा शिक्षकाला दुय्यम लेखतो.

दुसरा निकष अधिक सभ्य आहे : पठ्ठ्यांनी काय मिळवले? शासनही याच निकषाने चालते. १९८५ साली द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला. त्या पहिल्या यादीत तीन नावे होती. धावपटू पी. टी. उषाचे मार्गदर्शक ओ. एम. नंबियार, मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज, आणि कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत. कुस्तीतला पहिला द्रोणाचार्य मराठी आडनावाचा होता, ही गोष्ट पॅसेंजरमधल्या त्या वादात मी एकदाही ऐकलेली नाही. दिल्लीच्या गुरू हनुमानांना हा सन्मान १९८७ साली मिळाला. त्यांचे नाव मात्र आमच्याकडचे शाळकरी पोरही सांगेल. तेव्हा पुरस्काराची यादी एक आणि लोकस्मृतीची यादी दुसरी, हे आधीच मान्य करून चालावे.

पठ्ठ्यांच्या पदकांचा निकष वापरताना दोन गाठी लागतात. पहिली गाठ : एका पठ्ठ्यामागे वस्ताद किती? दादू चौगुले यांचे उदाहरण घेऊ. राधानगरी तालुक्यातला हा मल्ल १९७० आणि १९७१ असा लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी झाला, १९७४ साली ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले. तो मोतीबागेत घडला, आंदळकरांच्या हाताखाली घडला, हे सर्वमान्य. पण त्याच मोतीबागेतील बाळू बिरे आणि बाबा बिरे यांचीही नावे त्याच्या जडणघडणीत घेतली जातात. मग ते रौप्यपदक तिघांत कसे वाटायचे? तालमीत शिकवणे हे एकट्याचे काम कधीच नसते. थोरला पठ्ठा धाकट्याला डाव दाखवतो, म्हातारा वस्ताद बाकावरून एकच शब्द टाकतो, आणि पोराच्या अंगात जे उतरते त्यावर कोणाचाही शिक्का नसतो.

दुसरी गाठ अधिक अवघड आहे, आणि ती सोडवण्यासाठी आपल्याला एका महाविद्यालयात जावे लागेल.

३.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयात शिकत होते. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवून ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते ठरले. वैयक्तिक पदकाचा दुसरा मानकरी देशाला १९९६पर्यंत मिळाला नाही. महाराष्ट्राला तर कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवीपर्यंत, म्हणजे बहात्तर वर्षे, वाट पाहावी लागली. (स्वप्निलच्या मार्गदर्शक दीपाली देशपांडे यांना २०२४चा द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला. ‘वस्ताद’ या शब्दाला मराठीत स्त्रीलिंगी रूप नाही. ते आता आपल्याला करावे लागेल.)

तर, खाशाबांचा वस्ताद कोण? पहिले उत्तर घरातच आहे : वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. दुसरे उत्तर म्हणजे बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी, ज्यांच्या मार्गदर्शनाखाली ते घडले. तिसरे उत्तर लंडनपूर्वी त्यांना शिकवणाऱ्या रीस गार्डनर या परदेशी मार्गदर्शकाचे. तिन्ही उत्तरे खरी आहेत. वडिलांनी अंगात कुस्ती घातली, गुरुजींनी तिला वळण लावले, आणि गार्डनरने मातीतल्या पैलवानाला मॅटची ओळख करून दिली.

माती आणि मॅट यांतला फरक क्रीडांगणापासून दूर राहणाऱ्या वाचकासाठी सांगायला हवा. मातीतल्या जुन्या कुस्तीत पाठ लागेपर्यंत लढत चालते. तासभर खडाखडी करून, समोरच्याचा दम उखडल्यावर एका डावात आटोपण्याची ती रीत. मॅटवर आज तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात, आणि क्षणाक्षणाला गुण मोजले जातात. मातीत जो संयम गुण असतो, तोच मॅटवर पराभवाचे कारण ठरतो. एका छंदात मुरलेल्या कवीला एकाएकी दुसऱ्या छंदात लिहायला लावावे, तसे हे आहे. शरीराला लागलेली लय मोडून दुसरी लावायची, आणि तीही पहिलीचा जीव न घेता.

परंतु खाशाबांच्या कथेत चौथेही नाव आहे, आणि तिथेच दुसरी गाठ बसते. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. ज्यांच्या महाविद्यालयात ते शिकले, त्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही वर्गणी काढली. पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवून, स्वतः लढून, ते कर्ज फेडले अशी हकीकत सांगितली जाते.

खर्डेकरांनी खाशाबांना एकही डाव शिकवला नाही. तरीही त्या कांस्यपदकातला त्यांचा वाटा डाव शिकवणाऱ्यापेक्षा कमी म्हणता येईल का? क्रमवारीच्या कोणत्या रकान्यात हे घर लिहायचे? याच न्यायाने मग छत्रपती शाहू महाराजांचेही नाव येते. १९१२ साली खासबाग मैदान उभे करणारा आणि गावोगावच्या मल्लांना आश्रय देणारा हा राजा सर्व वस्तादांचा वस्ताद म्हणावा लागेल. मला वाटते, इथे थांबले पाहिजे. आश्रयदाता आणि वस्ताद या दोन भूमिका वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर क्रमवारी अर्थहीन होते. म्हणून शाहू महाराज आणि खर्डेकर यांना मी यादीबाहेर ठेवतो, त्यांचे ऋण मान्य करून.

एवढे मात्र नमूद करतो. ज्या आचार्याच्या नावाने आपण शिक्षकांना गौरवतो, त्याने ज्याला शिकवलेही नाही अशा मुलाचा अंगठा मागून घेतला. आमच्या जिल्ह्यातल्या कथेत शिकवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाने घर गहाण टाकले आणि विद्यार्थ्याने घाम गाळून ते सोडवले. पुरस्काराला नाव देताना आपण कोणती कथा निवडली, यावर साहित्याच्या वर्गात एक तास चर्चा व्हायला हरकत नाही.

४.

तिसरा निकष मी स्वतः मांडू इच्छितो, आणि माझ्या क्रमवारीचा भार मुख्यतः त्यावर आहे. वस्तादाच्या किती पठ्ठ्यांनी गदा मिळवली हे पाहण्याबरोबरच, त्याच्या किती पठ्ठ्यांनी पुढे वस्ताद होण्याची ताकद मिळवली हे पाहावे. गदा मिळवणारा पठ्ठा कधीकधी वस्तादामुळे होतो, कधी वस्ताद असूनही होतो. उपजत देहसंपदा, घरचे दूधदुभते, नशिबाने मिळालेली जोड, हे सगळे त्यात असते. परंतु शिकवण्याची कला उपजत नसते. ती कोणाकडून तरी उचलावी लागते. पठ्ठा जेव्हा वस्ताद होतो तेव्हा त्याच्या शिकवण्यात त्याच्या वस्तादाचे शिकवणे दिसते, आणि तिसऱ्या पिढीत ते टिकले तर ते खरे.

या निकषावर हरिश्चंद्र बिराजदार हे नाव पुढे येते. लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातून हा मुलगा कोल्हापुरात गंगावेश तालमीत आला. १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाला. पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी स्वतः वस्तादकी केली. त्यांच्या हाताखालून काका पवार निघाले; ते अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचले आणि नंतर कात्रजला स्वतःचे कुस्ती संकुल चालवू लागले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे लहान वयात बिराजदारांकडे आला. २०११ साली बिराजदार वारले, तेव्हा तो काका पवारांकडे शिकू लागला. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळाल्यावर राहुलने ते सात वर्षांपूर्वी गेलेल्या आपल्या वस्तादांना अर्पण केले. पुढच्याच वर्षी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले. वस्तादाच्या मृत्यूनंतर पठ्ठ्याला त्याच घराण्यातला दुसरा वस्ताद मिळतो आणि शिक्षण खंडित होत नाही, ही गोष्ट मला त्या दोन पदकांहून मोठी वाटते. संगीतात आपण याला घराणे म्हणतो.

याच साखळीतला आणखी एक प्रसंग. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. ही कुस्ती माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात होते. त्या वर्षी मातीतून शैलेश शेळके आला, गादीतून हर्षवर्धन सदगीर. दोघेही काका पवारांचेच पठ्ठे. म्हणजे मातीची लय आणि गादीची लय, दोन्ही एकाच तालमीत शिकवल्या गेल्या होत्या, आणि दोन्ही शेवटपर्यंत पोहोचल्या होत्या. हर्षवर्धन जिंकला, आणि त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून मैदानात फिरवले. गदा एकाची, पण त्या क्षणी प्रेक्षकांनी जे पाहिले ते दोघांच्या तालमीचे शिक्षण होते.

इथे एक आक्षेप मला ऐकू येतो, आणि तो वाजवी आहे. बिराजदार वस्ताद म्हणून पुण्याचे. त्यांना कोल्हापूरच्या परंपरेत कसे धरता? माझे उत्तर असे, की परंपरा म्हणजे पत्ता नव्हे. गंगावेशीच्या हौद्यात जे अंगात उतरले तेच पुण्याला गेले. कोल्हापूरची कुस्ती कोल्हापुरातच राहिली असती तर ती परंपरा न राहता स्मारक झाली असती.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. साखळी आंदळकरांचीही आहे. दादू चौगुले पुढे स्वतः वस्ताद झाले. त्यांचा मुलगा विनोद २००० साली महाराष्ट्र केसरी झाला. २०१८ साली दादूंना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सप्टेंबरात आंदळकर गेले, आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात दादूही. एकाच तालमीत, एकाच मातीत, अर्धशतकाहून अधिक काळ दिवा तेवत ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे. तालमी ओस पडत होत्या, पोरे जिमकडे वळत होती, पेठांतल्या तालमींची नावे कुस्तीपेक्षा फुटबॉलच्या संघांमुळे अधिक ऐकू येत होती, अशा काळात आंदळकर मोतीबागेत बसून राहिले. या बसून राहण्याला गुण द्यायचे की नाही, यावर माझी क्रमवारी खरोखर हेलकावे खाते.

५.

चौथा निकष मी आजवर कोणत्याही यादीत पाहिलेला नाही. तो असा : जे पठ्ठे पैलवान झाले नाहीत त्यांचे वस्तादाने काय केले?

हिशेब साधा आहे. तालमीत पन्नास पोरे येतात. त्यांतली दोन-तीन जिल्ह्यात नाव काढतात; एखादा नशीबवान राज्यात जातो. उरलेली पंचेचाळीस कुठे जातात? त्यांच्या घरच्यांनी खुराकापायी दूध, तूप, बदाम घातलेले असतात. कधी कर्ज काढलेले असते. तिशीला गुडघा जातो आणि भूक तेवढी पैलवानाची उरते. या पंचेचाळीस जणांच्या बाबतीत वस्ताद कसा वागला, हे त्याच्या मोठेपणाचे माप नसेल तर कशाचे असेल?

हे मी तटस्थपणे लिहू शकत नाही, कारण मी त्या पंचेचाळिसांतला आहे. आमच्या गावच्या तालमीतले वस्ताद कुठल्याच यादीत येणार नाहीत. त्यांचा एकही पठ्ठा केसरी झाला नाही. मी सोळा वर्षांचा असताना जत्रेच्या मैदानात माझी जोड लागणार होती. नारळाच्या कुस्त्यांच्या वरची, इनामाची पहिलीच. जत्रेला पंधरा दिवस असताना, पहाटेच्या लढती झाल्यावर, त्यांनी मला बाजूला घेतले आणि विचारले, “घरची म्हस इकली व्हय रं?” मी काहीच बोललो नाही. म्हैस महिन्यापूर्वी विकली होती, ते मी तालमीत कोणालाही सांगितले नव्हते. ते म्हणाले, “तिसऱ्या लढतीला तुझी पकड सुटाय लागलीया. जत्रंला जोड न्हाई लावत तुझी. दहावीचं बघ आदी.”

माझ्या जागी दुसरा मुलगा लढला आणि जिंकला. मी दोन वर्षे तालमीच्या वाटेने गेलो नाही. मला तो अपमान वाटला होता. त्यांनी माझ्या घरी कोणाला काही विचारले नाही, गावात कोणाला काही सांगितले नाही. म्हैस विकल्याचे त्यांना माझ्या पकडीवरून कळले होते.

पुढे मी शिकवू लागलो. एक हुशार विद्यार्थी होता. कवितेवर त्याने संशोधन करावे यासाठी मी त्याच्या मागे लागलो. त्याच्या निबंधात मला जे दिसत होते त्याने मी इतका हरखलो होतो, की तो दुपारच्या सुट्टीत डबा खायला कधी थांबत नाही हे मला दिसले नाही. दीड वर्षाने तो सोडून गेला. त्याच्या घरी धाकट्या दोन बहिणी होत्या, आणि ते दीड वर्ष त्यांना महागात पडले, हे मला फार उशिरा कळले. माझ्या नावावर संशोधन पूर्ण केलेले विद्यार्थी आहेत. महाविद्यालयाच्या अहवालात त्यांची संख्या छापली जाते. त्या एका मुलाची नोंद कोणत्याही रकान्यात नाही. वस्तादांनी पकडीवरून ओळखले, ते मला समोरच्या बाकावरून ओळखता आले नाही. तेव्हापासून त्यांच्याविषयीचा माझा राग गेला, आणि शिक्षकांच्या क्रमवारीविषयीचा माझा विश्वासही बराच कमी झाला.

बराच कमी झाला. पूर्ण गेला नाही. कारण मोजमापच करू नये असे म्हणणे सोयीचे असते, विशेषतः ज्यांचे काम उणे आहे त्यांना. शिक्षकाचे काम मोजण्यापलीकडचे आहे, हे वाक्य मी अनेक समारंभांत ऐकले आहे, आणि ते बहुधा मोजले गेल्यास ज्यांची अडचण होईल अशांच्या तोंडून. तेव्हा दिलेल्या शब्दाप्रमाणे क्रमवारी मांडतो.

तिसरे स्थान मी बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांना विभागून देतो. मॅटच्या सोयी नसलेल्या काळात त्यांनी असा पठ्ठा घडवला, की ज्याला नवी लय शिकता आली. पठ्ठ्याला दुसऱ्याकडून शिकण्याजोगा ठेवणे, हा वस्तादाचा दुर्मीळ गुण आहे.

दुसरे स्थान गणपतराव आंदळकरांचे. त्यांच्या गदेसाठी नव्हे, मोतीबागेतल्या त्या दशकांसाठी.

पहिले स्थान हरिश्चंद्र बिराजदार यांचे. त्यांच्या शिकवणीने माती आणि गादी यांतला सांधा जुळवला, ती त्यांच्या मागेही चालू राहिली, आणि तिसऱ्या पिढीत जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला खांद्यावर घेतले. चौथ्या निकषाचा माझ्याजवळ असलेला एकमेव जाहीर पुरावा तोच आहे.

ही क्रमवारी अनेकांना मान्य होणार नाही. मोतीबागेच्या अभिमान्यांना तर मुळीच नाही. त्यांनी आपली क्रमवारी जरूर मांडावी. एवढीच विनंती, की नावांच्या आधी निकष लिहावेत, आणि त्या निकषांत न जिंकलेल्या पोरांसाठी एक ओळ असावी. आम्हा साहित्याच्या शिक्षकांची यादी करण्याचे धाडस कोणी केलेच, तर तिलाही हीच अट लागू असावी. त्या यादीत माझे स्थान कुठे येईल याचा अंदाज मला आहे. आमच्या वस्तादांच्या बरेच खाली.